सी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा का भरतो, आणि तो कोण भरतंय हे कसं शोधायचं

तक्रार ठरलेली असते. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, कोपऱ्यात जागा संपत आल्याचा निरोप सारखा येतोय, अपडेट अर्ध्यात अडकलंय, वर्डमध्ये सेव्ह करायला गेलं की जागा नाही म्हणतंय. आणि त्याच्या जोडीला एक वाक्य हमखास येतं: "अहो, मागच्याच महिन्यात साफ केला होता हो!" आमच्या संगणक गटाच्या मदतीच्या टेबलावर हा प्रश्न जितक्या वेळा येतो तितक्या वेळा दुसरा कुठलाच येत नाही. प्रिंटरसुद्धा याच्या मागेच.

ते शेवटचं वाक्य सगळे वैतागून बोलतात, पण निदानासाठी तेच सगळ्यात कामाचं आहे. वर्षानुवर्षांचा पसारा साठून भरलेला ड्राइव्ह एकदा नीट आवरला की प्रश्न मिटतो. साफ करूनही महिन्याभरात परत भरणारा ड्राइव्ह हे दुखणंच वेगळं. तिथे कुठला तरी प्रोग्राम रोज, न विचारता, आपल्या नजरेआड काहीतरी लिहून ठेवत असतो. तो सापडत नाही तोवर साफसफाई करणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं. म्हणून या लेखात "काय काय उडवायचं" याची यादी कमी आहे आणि शोध कसा घ्यायचा हे जास्त आहे.

खालचं बरंचसं विंडोज १० आणि ११ यांना धरून आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी पुढे थोडं लिहिलंय.

आधी आकडे समजून घ्या

लॅपटॉप घेताना २५६ जीबी सांगितलं होतं आणि विंडोज २३८च दाखवतंय, म्हणजे १८ जीबी कुणीतरी खाल्ले, असं अनेक सदस्यांना वाटतं. कुणी खाल्लेले नाहीत. ड्राइव्ह बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइटना एक जीबी म्हणतं. त्या हिशेबाने २५६चे २३८, ५१२चे सुमारे ४७७ आणि १ टीबीचे ९३१ होतात. त्यातूनही थोडी जागा रिकव्हरी पार्टिशनला जाते. हा फरक शोधत बसू नका, तिथे काहीही सापडणार नाही.

दुसरं, लाल पट्टी. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी लाल होते. २३८ जीबीच्या ड्राइव्हवर २० जीबी मोकळे असले तरी ती लालच दिसणार. म्हणजे लाल रंग दिसला म्हणून हातातलं काम टाकून धावायचं कारण नसतं. पण दुर्लक्षही करू नका. एसएसडीला (हल्लीच्या लॅपटॉपमधला चिपवरचा ड्राइव्ह) आतल्या आत डेटा हलवायला मोकळे ब्लॉक लागतात, आणि ते कमी पडले की लिहिण्याचा वेग खाली येतो. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) वाढायला जागा उरत नाही, अपडेट उलगडायला जागा उरत नाही. "कॉम्प्युटर स्लो झालाय" म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत मुळात ड्राइव्ह भरलेला असणं हे नेहमीचं आहे.

साफ करायची घाई करू नका

हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा हात माऊसकडे जातोच. जागा संपली की माणूस पहिलं काय करतो, तर डाउनलोड्समधल्या दोनचार मोठ्या फाइली उडवतो, रिसायकल बिन रिकामी करतो, कुणीतरी सुचवलेलं क्लीनर चालवतो. दहा-बारा जीबी मोकळे होतात आणि सगळे हुश्श करतात. पण यात पुरावाही गेलेला असतो. कुठला फोल्डर फुगला होता हे आता कळायला मार्ग नाही, आणि तो फोल्डर परत भरेपर्यंत वाट बघण्याखेरीज हातात काही उरत नाही.

जागा अगदीच शून्यावर आली असेल आणि मशीन हलतच नसेल, तर श्वास घेण्यापुरती जागा करा: रिसायकल बिन एकदा नजरेखालून घालून रिकामी करा, बस. बाकी कशाला हात लावू नका. रिसायकल बिनचं आठवणीने सांगतोय, कारण डिलीट केलेली फाइल बिनमध्ये असते तोवर तिची जागा मोकळी होतच नाही. कित्येकांचं "एवढं उडवूनही काही फरक नाही" हे कोडं तिथेच सुटतं.

मोजायचं कसं

सुरुवात विंडोजपासूनच करा. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे ऍप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स असे गट आणि त्यांचे आकडे दिसतात. खाली आणखी गट दाखवण्याचा पर्याय असतो, तोही उघडा. या पानावरून मोटामोटी अंदाज येतो. पण "अदर" नावाच्या गटात ६०-७० जीबी दिसायला लागले की हे पान तिथेच थांबतं, पुढे काही सांगत नाही. आणि परत परत भरणाऱ्या ड्राइव्हमध्ये चोर बहुधा त्या "अदर"मध्येच असतो.

पुढच्या कामासाठी आम्ही विझट्री हा फोल्डरांचे आकार मोजणारा प्रोग्राम वापरतो. विनडरस्टॅट आणि ट्रीसाइज फ्री हेही चांगले आहेत. विझट्री एनटीएफएसची (विंडोज ज्या पद्धतीने ड्राइव्हवर फाइली मांडतं तिची) मुख्य नोंदवही, म्हणजे मास्टर फाइल टेबल, थेट वाचतं, त्यामुळे लाखो फाइलींचा ड्राइव्हसुद्धा काही सेकंदांत मोजून होतो. तीनही प्रोग्राम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधाच्या निकालात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून उतरवलेल्या प्रोग्रामबरोबर नको असलेली चार ओझी येतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

प्रोग्राम चालवताना त्यावर राइट क्लिक करून "रन ऍज ऍडमिनिस्ट्रेटर" निवडा. ही पायरी गाळली तर आकडे जुळत नाहीत: ड्राइव्ह म्हणतो २१५ जीबी वापरलेत, सगळ्या फोल्डरांची बेरीज येते १६०, आणि मधले ५५ कुठे गेले ते कळत नाही. सिस्टिमचे फोल्डर आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या यूजर अकाउंटमधल्या फाइली साध्या परवानगीने वाचताच येत नाहीत. एकाच लॅपटॉपवर दोन-तीन अकाउंट असतील तर हे फार महत्त्वाचं. जागा एकाची भरते, निरोप दुसऱ्याला येतो.

मोजून झालं की लिहून ठेवा. आमच्याकडे टेबलावर साधी कार्डं ठेवलेली असतात. वर तारीख, त्याखाली एकूण किती, मोकळी किती, आणि मग सगळ्यात मोठे सात-आठ फोल्डर, त्यांच्या पूर्ण पत्त्यासकट. "यूजर्स फोल्डर, १२० जीबी" एवढ्याने काम होत नाही. आत आत जात शेवटी जो फोल्डर स्वतः फुगलाय त्याचा पत्ता लिहायचा. कार्ड सदस्य घरी घेऊन जातो, आठवडाभर नेहमीसारखं काम करतो आणि परत मोजतो. दोन कार्डं शेजारी ठेवली की बहुतेक वेळा उत्तर तिथेच दिसतं: सगळे आकडे जागच्या जागी, एकच पुढे सरकलेला.

सगळ्यात मोठा फोल्डर आणि वाढणारा फोल्डर हे वेगवेगळे असू शकतात, हे मला इथे ठासून सांगायचंय. फोटोंचा ८० जीबीचा फोल्डर पहिल्या नंबरावर असतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात, आणि बिचाऱ्याची नातवंडांची छायाचित्रं बाहेरच्या ड्राइव्हवर जातात. पण तो फोल्डर वर्षभरात हललेला नसतो. यादीत सहाव्या नंबरावर असलेला, ९ जीबीवरून १७वर गेलेला फोल्डर खरा गुन्हेगार असतो. एकदाच मोजलं तर तो दिसत नाही, दुसऱ्यांदा मोजल्यावरच दिसतो.

स्कॅन करणारे काका

आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी घरातली जुनी पत्रं आणि हस्तलिखितं स्कॅन करायला घेतली होती. काम अत्यंत निगुतीचं. प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, कुणी कुणाला लिहिलं याची नोंद. दर बैठकीला त्यांचा ड्राइव्ह भरलेला असायचा आणि दर वेळी कुणीतरी तो साफ करून द्यायचं. स्कॅनचा संशय पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी स्वतःच तो उडवून लावला. "या पीडीएफ बघा ना, पाच एमबीच्या वर एकही नाही. एवढ्याने काय भरणार?" आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. सगळ्या पीडीएफ मिळून दोन जीबीसुद्धा होत नव्हत्या.

दुसरं कार्ड भरलं तेव्हा विझट्रीच्या नकाशात एकाच रंगाचा भलामोठा चौकोन दिसला. पत्ता होता यूजर्स, काकांचं अकाउंट, ऍपडेटा (प्रोग्राम आपापलं सामान ठेवतात तो लपवलेला फोल्डर), लोकल, स्कॅनरबरोबर आलेल्या प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत तात्पुरत्या प्रतिमांचा एक फोल्डर. त्यात शेकडो फाइली, आणि प्रत्येकीचा आकार जवळपास सारखाच: शंभर एमबीच्या आसपास.

हिशेब केला तर तो आकडा अचूक बसतो. ए-४ कागद ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की प्रतिमा साधारण ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांची होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपके. रंगीत प्रतिमेत प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. गुणाकार केला की १०.४ कोटी बाइट, म्हणजे एका पानाला सुमारे १०० एमबी. प्रोग्राम आधी ही कच्ची प्रतिमा डिस्कवर ठेवायचा, मग ती दाबून तिची लहानशी पीडीएफ करायचा, आणि कच्ची प्रतिमा पुसायचं राहून जायचं. दहा पानं स्कॅन केली की एक जीबी गेला. काकांना दिसत होती ती फक्त तयार पीडीएफ.

मग इतक्या वेळा साफ करूनही हे कुणाच्या हाती कसं लागलं नाही? कारण विंडोजची टेम्पररी फाइल्सची सफाई तिच्या ओळखीच्या जागाच झाडते. एखाद्या प्रोग्रामने ऍपडेटामध्ये स्वतःच्या नावाचा फोल्डर करून त्यात कचरा ठेवला, तर तो कचरा आहे हे विंडोजला कळायला काहीच मार्ग नाही. स्टोरेज सेन्स, म्हणजे विंडोजची आपोआप होणारी सफाई, चालू असूनही ड्राइव्ह का भरतो, याचंही उत्तर हेच. स्टोरेज सेन्स रिसायकल बिन, विंडोजच्या स्वतःच्या तात्पुरत्या फाइली आणि सांगितलं तर डाउनलोड्स आणि वनड्राइव्हमधल्या न वापरलेल्या फाइली एवढंच बघतो.

उपाय काकांनीच केला. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये काम झाल्यावर तात्पुरत्या प्रतिमा काढून टाकायचा पर्याय होता, तो चालू केला. पत्रांसाठी रिझोल्यूशन ३०० डीपीआयवर आणलं. हस्ताक्षर वाचायला तेवढं भरपूर होतं, आणि ठिपके दोन्ही दिशांनी निम्मे झाल्याने कच्ची प्रतिमा एक चतुर्थांशावर आली, २५ एमबीपर्यंत. मग प्रत्येक कच्च्या प्रतिमेची पीडीएफ आहे ना याची खात्री करून त्यांनी तो फोल्डर रिकामा केला. तिसऱ्या कार्डावर त्या फोल्डरपुढचा आकडा हललेला नव्हता.

वारंवार सापडणारे बाकीचे

फोनचा बॅकअप. आयफोन कॉम्प्युटरला जोडून बॅकअप घेतला असेल तर तो बहुधा ऍपडेटामध्ये रोमिंग, ऍपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप असा खोल जाऊन बसतो आणि फोनमध्ये जितका डेटा त्या मानाने मोठा असतो. नवा फोन आला की नवा बॅकअप सुरू होतो, जुन्या फोनचा तसाच राहतो. हा फोल्डर हाताने उडवू नका. आयट्यून्स किंवा ऍपल डिव्हायसेस या प्रोग्राममध्ये बॅकअपची यादी दिसते, तिथून नको तो काढा. जुना फोन आता घरात नसेल तर त्याचा बॅकअप ही त्या फोनची शेवटची प्रत असू शकते, हे सदस्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

वनड्राइव्ह. या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान झालेलं मी पाहिलंय, म्हणून जरा सावकाश. "हे सगळं क्लाउडवर आहेच ना, मग इथलं उडवते," असं म्हणून एखादी ताई वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फाइली डिलीट करते, आणि त्या क्लाउडवरूनही जातात. वनड्राइव्हचा फोल्डर ही वेगळी प्रत नाही, ते क्लाउडचंच या मशीनवरचं रूप आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं. जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करून "फ्री अप स्पेस" निवडायचं. फाइल क्लाउडवर राहते, इथे फक्त नाव आणि ढगाचं चिन्ह उरतं, आणि उघडली की परत उतरते. चुकून डिलीट झालंच, तर वैयक्तिक अकाउंटच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये फाइली ३० दिवस राहतात, तिथे आधी जा. आणि वाढीचं कारण शोधत असाल तर "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" हा पर्याय एखाद्या मोठ्या फोल्डरला लागलाय का ते बघा. भरीव हिरव्या गोलावरची पांढरी बरोबरची खूण म्हणजे ती फाइल इथे कायम ठेवलेली आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये "साइज" आणि "साइज ऑन डिस्क" असे दोन आकडे असतात. जागा किती अडलीय ते दुसरा आकडा सांगतो.

व्हॉट्सऍप आणि टेलिग्राम. गटांमध्ये येणारे व्हिडिओ कॉम्प्युटरवरही आपोआप उतरत असतात. दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं. टेलिग्राममध्ये साठवणुकीची मर्यादाही ठरवता येते. फक्त साठलेलं काढून सेटिंग तसंच ठेवलं तर महिन्याभरात पहिल्यासारखंच होणार.

आउटलुक. क्लासिक आउटलुक मेलची एक प्रत ओएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवतं आणि तिची नेहमीची कमाल मर्यादा ५० जीबी आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये किती काळाची मेल इथे ठेवायची त्याची सरकपट्टी असते. वर्षभराची पुरे असेल तर तसं करा. मूळ मेल सर्व्हरवर राहते.

ऑनलाइन बैठकांची रेकॉर्डिंग, व्हिडिओ एडिटरच्या प्रिव्ह्यू फाइली, गेमचे रेकॉर्डिंग हे सगळं एका वाक्यात: ज्या प्रोग्रामने बनवलं त्याच्याच सेटिंगमधून जागा बदला किंवा मर्यादा घाला.

विंडोज स्वतः जे अडवतं

विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर दिसला तर मोठं अपडेट नुकतंच झालंय. मागे जायचं असल्यास जुनं विंडोज तिथे ठेवलेलं असतं, आणि १० दिवसांनी ते आपोआप जातं. अपडेटनंतर सगळं नीट चाललंय अशी खात्री असेल तरच आधी काढा, तेही स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्समधून, हाताने नाही.

हायबरफिल डॉट सिस ही फाइल हायबरनेटसाठी (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) असते आणि साधारण रॅमच्या ४० टक्क्यांपर्यंत जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीहून थोडी जास्त. ती महिन्या-महिन्याला वाढत नाही. त्यामुळे परत परत भरणाऱ्या ड्राइव्हमागे ती नसते. फार लहान ड्राइव्ह असेल तर हायबरनेट बंद करून ती जागा मिळते, पण त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं. लॅपटॉपवर मी तरी बंद करा असं सांगत नाही. बॅटरी संपत आली की उघडं काम वाचवणारी तीच सोय आहे.

सिस्टिम रिस्टोर (विंडोज बिघडलं तर मागच्या स्थितीत नेणारी सोय) मात्र वाढतो. सर्चमध्ये "क्रिएट अ रिस्टोर पॉइंट" लिहून जी खिडकी उघडते तिच्यात कॉन्फिगर दाबलं की कमाल किती जागा वापरायची ती सरकपट्टी दिसते. ती कुणीतरी उजवीकडे ढकललेली असेल तर खाली आणा. पूर्ण बंद करू नका.

विनएसएक्सएस हा विंडोजच्या फोल्डरमधला फोल्डर अवाढव्य दिसतो आणि हौशी माणसाला हमखास खुणावतो. त्याला हाताने हात लावायचाच नाही. त्यातल्या पुष्कळ फाइली हार्ड लिंकने दुसरीकडेही दिसतात, म्हणजे एकच फाइल दोनदा मोजली जाते. दिसतो तेवढा तो खरोखर मोठा नसतोच. त्यातलं काही उडवलं तर अपडेट कायमचं बिघडू शकतं आणि मग विंडोज पुन्हा घालायची वेळ येऊ शकते.

विंडोज फोल्डरमधल्या लॉग्ज आणि टेम्पकडे एकदा नजर टाका. काही मशीनवर सीबीएस नावाचा लॉग (विंडोजच्या अपडेटची नोंदवही) फुगून दोन जीबीपलीकडे गेला की तो दाबून ठेवण्याचा प्रयत्न फसतो, आणि दर प्रयत्नाला टेम्पमध्ये कॅब या अक्षरांनी सुरू होणारी एक अर्धवट फाइल उरते. अशा फाइलींची रांग दिसली तर नुसत्या त्या काढून भागत नाही. मोठा झालेला लॉगही काढावा लागतो, नाहीतर रांग परत लागते. सर्चची अनुक्रमणिका, म्हणजे विंडोज १०वर विंडोज डॉट ईडीबी आणि ११वर विंडोज डॉट डीबी, कधीकधी कित्येक जीबीची होते. इंडेक्सिंग ऑप्शन्समधल्या ऍडव्हान्स्डमध्ये जाऊन ती नव्याने बांधता येते. बांधून होईपर्यंत शोध मंद चालतो, तेवढं सदस्याला आधी सांगून ठेवा.

डिलीट दाबण्यापूर्वी

टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्सचाही चौकोन असतो. त्यावर खूण करू नका. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीत तो जुन्या डिस्क क्लीनअपमध्येही आला होता, आणि कचरा समजून अनेकांनी आपली कागदपत्रं त्यातून घालवली. आपल्या सदस्यांपैकी बऱ्याच जणांसाठी डाउनलोड्स हाच मुख्य कागदपत्रांचा फोल्डर आहे: तिकिटं, पावत्या, बँकेची स्टेटमेंट, सगळं तिथेच.

एसएसडीवर डिलीट झालेली फाइल परत मिळवण्याच्या भरवशावर राहू नका. विंडोज ७पासून ट्रिम नावाची सोय आहे. फाइल कायमची पुसली की ते ब्लॉक आता रिकामे धरायचे असं ड्राइव्हला कळवलं जातं आणि ड्राइव्ह ते खरोखर साफ करतो. जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी प्रोग्रामने फाइली परत आणल्याच्या गोष्टी इथे लागू पडत नाहीत. म्हणून काहीही मोठं काढायच्या आधी बाहेरच्या ड्राइव्हवर प्रत घ्या, ती प्रत उघडून बघा, आणि मगच काढा.

रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामांनी ड्राइव्हवर जागा होत नाही. त्यांना मशीनवर थारा देऊ नका.

डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स डी ड्राइव्हवर न्यायचे असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅब आहे, तिथून हलवा. मात्र नवी जागा देताना डी ड्राइव्हमध्ये आधी त्या नावाचा फोल्डर करा आणि तो निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर आख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते परत फिरवणं फार जिकिरीचं होतं. प्रोग्राम फाइल्स आणि ऍपडेटा हे तर उचलून दुसरीकडे ठेवायचे फोल्डरच नाहीत.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी

माऊस सदस्याच्या हातातच राहू द्या. आपण पटापट क्लिक करून दहा मिनिटांत ड्राइव्ह मोकळा करून दिला तर आभार मिळतात, पण त्या माणसाला काय झालं ते कळत नाही आणि पुढच्या बैठकीला तो तसाच परत येतो. त्याने स्वतः विझट्री चालवलं, स्वतः कार्ड भरलं, तर तो पुढच्या वेळी कार्ड घेऊन येतो, आणि पुष्कळदा उत्तरही. आमच्याकडच्या एक काकू आता शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नवीन सदस्यांची कार्डं भरून घेतात. ऍपडेटा म्हणजे काय ते त्या माझ्यापेक्षा सोपं करून सांगतात.

फाइल कुणाची आहे आणि हवी की नको, हा निर्णय आपला नाही. फोल्डर कुठला, किती मोठा, कुठल्या प्रोग्रामचा एवढं दाखवायचं. विझट्रीच्या यादीत माणसाच्या खासगी फाइलींची नावंही दिसतात. पडदा त्याच्याकडे वळवा आणि आपण कार्डाकडे बघा.

मॅक आणि लिनक्स

पद्धत तीच, जागा वेगळ्या. मॅकवर "सिस्टिम डेटा" फुगलेला दिसला तर टाइम मशीनचे स्थानिक स्नॅपशॉट हे एक नेहमीचं कारण. ते साधारण तासातासाला घेतले जातात, २४ तासांपर्यंत ठेवले जातात आणि जागा कमी पडली की मॅक ते स्वतःच काढतो. त्यामुळे एक दिवस थांबून परत मोजा. आयफोनचे बॅकअप तिथेही असतात. लिनक्सवर सिस्टिमडीचा जर्नल, जुने कर्नल आणि स्नॅप पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या एवढं आधी बघा. मोजायला बावबॅब किंवा एनसीडीयू आहेच.

वाढ सापडतच नसेल तर

दोन-तीन कार्डं भरूनही कुठलाच एक फोल्डर वाढताना दिसत नसेल, सगळेच थोडे थोडे पुढे जात असतील, तर आजार नाहीच. ड्राइव्ह लहान पडतोय. विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागतात, पण त्या किमानावर रोजचं काम सुखाने होत नाही. १२८ जीबीचा ड्राइव्ह विंडोजच्या हिशेबाने ११९ जीबी असतो, आणि विंडोज, ऑफिस, दोन ब्राउझर आणि फोनमधले फोटो एवढ्यातच तो काठोकाठ येतो. अशा वेळी दर महिन्याला माणसाला साफसफाई करायला लावण्यापेक्षा मोठा एसएसडी घालणं केव्हाही बरं. आधी लॅपटॉपमधला ड्राइव्ह बदलता येतो का ते तपासा. काहींमध्ये तो बोर्डावरच डकवलेला असतो, तिथे फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या ड्राइव्हवर नेणं एवढाच मार्ग उरतो.

बदलता येत असेल तर जुन्याची हुबेहूब प्रत नव्यावर घेता येते, ते काम आमच्या टेबलावर होतं. येताना पूर्ण बॅकअप असलेला बाहेरचा ड्राइव्ह आणि चार्जर आणा. आणि त्याच्या आदल्या दिवशी घरी बसून एक गोष्ट करा: सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून काढा, कागदावर उतरवा, अंक परत एकदा पडताळून बघा, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता वेगळा आणा.